दोनशे बारा वेळा ‘नाही’

“दोगांचं कशाला घेताय? रगत एकच हाय आमचं. एकाचंच घ्या, तेवढीच एक बाटली वाचंल.”

हे बोलले नामदेव व्हनमाने, पण मला ते कळलं त्यांच्या बायकोकडून. ऑपरेशनमध्ये त्यांचा डावा जबडा अर्धा गेला होता आणि त्यांचं बोलणं आता फक्त सुलाबाईंनाच समजायचं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे, की सुलाबाई लगेच आमच्या भाषेत सांगायच्या.

मी सुलाबाईंच्या दंडाला रबरी पट्टा बांधला होता. शीर सापडत नव्हती, म्हणून हसून वेळ काढत म्हटलं, “काका, नवरा-बायकोचं रक्त एक कसं असेल?”

“आवं बाई, आसंलच की,” सुलाबाई म्हणाल्या. “मी ह्यांच्या मामाचीच. माजा आजा त्योच ह्यांचा आजा. लगीन व्हायच्या आदी मी ह्यांच्या आईला आत्याच म्हनायची. अजूनबी आत्याच म्हनते.”

माझा हात तिथंच थांबला. सुलाबाईंना वाटलं, मला शीर सापडली. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. बी.एस्सी. झालेली, तालुक्याच्या गावी कॅन्सरच्या दवाखान्यात संशोधनाच्या कामावर लागलेली, आणि माझ्यासारखी हुशार बाई आटपाडीपासून सांगोल्यापर्यंत दुसरी नाही, अशी माझी खात्री होती. ती खात्री आजही फारशी कमी झालेली नाही. पण त्या दिवशी व्हनमान्यांच्या ओसरीवर तिला चांगलाच धक्का बसला.

काम काय होतं ते सांगते. आमच्या भागात तंबाखू कोण खात नाही? पुरुष चुना-तंबाखू मळतात, बायका मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना घासायची. अख्खं गाव हे करतं, पण तोंडाचा कॅन्सर होतो एखाद्याला. त्यालाच का? आमचे ओगले सर, म्हणजे डॉ. दिगंबर ओगले, या प्रश्नामागं लागले होते. तंबाखूतलं विष शरीर बाहेर टाकतं, त्या कामाची काही जनुकं असतात. त्यांत माणसामाणसांत बारीक फरक असतो. दुर्मीळ नव्हे, बाजारात उभं राहिलं तर दर तिसऱ्या-चौथ्या माणसात सापडेल इतका साधा फरक. या साध्या फरकानं कॅन्सरचा धोका वाढतो का, एवढंच सरांना बघायचं होतं.

त्यासाठी आजारी माणसाचं रक्त घ्यायचं आणि त्याच्या शेजारी ठेवायला एका निरोगी माणसाचं. निरोगी माणूस असा हवा, की घर तेच, पाणी तेच, भाकरी तीच, पण रक्त वेगळं. असा माणूस शोधायला लांब जायला नको. नवऱ्याला आजार असेल तर बायको, बायकोला असेल तर नवरा. ही युक्ती परदेशातल्या एका विद्यापीठाची होती आणि फॉर्मही तिकडूनच आलेला. आम्ही तो मराठीत उतरवला होता. त्यात नववा प्रश्न होता: ‘रुग्णाशी रक्ताचं नातं आहे का?’ पुढं दोन चौकटी, हो आणि नाही.

आणि मी काय केलं होतं? नवरा-बायकोत कसलं रक्ताचं नातं, म्हणून एस.टी.त बसल्या बसल्याच गठ्ठ्यातल्या सगळ्या फॉर्मवर ‘नाही’ची खूण करून टाकायची. वेळ वाचायचा. चार वर्षं हे काम मी एकटीच करत होते. दोनशे बारा जोडपी, दोनशे बारा वेळा ‘नाही’. सुलाबाईंसारखं आधीही कुणी ना कुणी सांगितलं असणार, आणि मी मान डोलावून दहाव्या प्रश्नावर गेले असणार.

मामाची मुलगी करायची आमच्याकडं रीतच आहे. मामाची मुलगी हक्काची. हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मी फॉर्म हातात घेतला की माझं डोकं फॉर्मसारखं चालायचं आणि घरी गेले की घरासारखं. दोन्ही डोकी एकमेकांना कधी भेटलीच नव्हती.

आता बायको जर मामाची असेल, तर तिच्यात आणि नवऱ्यात बराचसा तोच वाण. मग दोन रक्तांत फरक दिसणार कसा? एकाच तव्यावरच्या भाकरी दोन ताटांत वाढायच्या आणि कुठली वेगळी लागते विचारायचं, असला तो प्रकार झाला. सरांचा निष्कर्ष तयार होत आला होता: फरक नाही. महिनाअखेर तो लेख तिकडं जायचा होता.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून मनातल्या मनात जोडपी आठवत होते. कोण मामाची, कोण आत्याची, काही आठवेना. मग एक जोडपं आठवलं. सदतीस नंबर. दामू सरगर, वय अठ्ठावन्न, गालाचा कॅन्सर. शेजारी त्यांची पत्नी तानूबाई, निरोगी. रक्ताचं नातं: नाही.

ते माझे अण्णा आणि माझी आई.

आई माझ्या आजीला जन्मभर ‘आत्या’ म्हणत आली. ‘सासूबाई’ हा शब्द मी आमच्या घरात ऐकला नाही. लहानपणी मी आजीला विचारायची, की आई तुला आत्या का म्हणते, आणि आजी म्हणायची, “माज्या भावाची ल्येक हाय ती, मग काय काकू म्हनंल व्हय?” हे सगळं मला पाठ होतं. तरी मी स्वतःच्या हातानं ‘नाही’ लिहिलं.

घरी पोचले तेव्हा आई दारातल्या दगडावर बसून मिश्री लावत होती. बोट काळं, ओठ काळे. दिवसातून तीन वेळा हा सोहळा व्हायचा आणि त्या वेळी ती कुणाशी बोलायची नाही.

अण्णा जाऊन दीड वर्ष झालं होतं. ते गेल्यावर आई गालाला हात लावून बसून राहायची. मला वाटलं, हिनं धसका घेतला. मी तिच्या समोर बसले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, “आये, घाबरू नकोस. अण्णांचं त्यांच्या रक्तात होतं. तुझं रक्त वेगळं. आमच्या अभ्यासात तू निरोगी बाजूला आहेस. तुला काही होत नाही.” ती म्हणाली, “बरं.” आणि मिश्री चालू राहिली. मी मधूनमधून म्हणायची, सोड गं ती. ती म्हणायची, सोडते की. माझ्या म्हणण्यात जोर नसायचा, कारण मनातून मला वाटायचं, हिला काही होणार नाही असं मीच तर सांगितलंय.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडं बघत उभी राहिले. तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं, “काय गं, भूत बघितल्यागत काय बघतीस?”

“काही नाही,” मी म्हटलं. त्या दिवसातलं ते दुसरं चुकीचं ‘नाही’.

सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. सर टाइप करत होते. पन्नाशीचा उंच, वाकलेला माणूस, पुण्याचा, पण आमच्या भागात अठरा वर्षं काढलेला. रागावला तर ओरडायचा नाही, आवाज आणखी खाली न्यायचा. आम्ही सगळे त्या खालच्या आवाजाला भ्यायचो.

“सर, एक चूक झालीय.”

“कुणाची?”

“माझी.”

त्यांनी टाइप करणं थांबवलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नववा प्रश्न, एस.टी.तल्या खुणा, व्हनमाने, मामाची मुलगी. मला नोकरी जाईल याची भीती नव्हती असं नाही. घरात मिळवती मी एकटीच होते. पण अर्धं सांगून अर्धं पोटात ठेवायचं मला कधी जमलं नाही.

“किती जोडपी अशी?” सरांचा आवाज खाली गेला.

“माहीत नाही, सर.”

“अंदाज?”

“अंदाज नको. एक नक्की सांगते. सदतीस नंबर.”

सदतीस नंबर कुणाचा हे सरांना बघावं लागलं नाही. अण्णांचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

“चार वर्षं, उज्ज्वला.”

“हो, सर.”

“आधीच खुणा करून ठेवायचीस?”

“वेळ वाचायचा.”

“वाचला का?”

मी रडले नाही.  मला राग आला की रडू येत नाही, आणि त्या वेळी मला माझाच भयंकर राग आला होता. सर उठून खिडकीशी गेले आणि तिथून म्हणाले, “मामाची मुलगी करतात, हे मला काय माहीत नव्हतं? आठवड्यातून दोनदा ऐकतो. फॉर्म तिकडून आला, मी तसाच मराठीत उतरवला. प्रश्न माझा, खूण तुझी.” मग टेबलाशी येऊन त्यांनी टाइप केलेला कागद उलटा ठेवला. “उद्या सकाळी सात वाजता जीप निघेल. डबा आण. माझाही आण.”

पुढचे अकरा दिवस आम्ही दोघं दोनशे बारा घरांच्या मागं होतो. जिथं फोन होता तिथं फोन, नाहीतर जीप. मार्च महिना, दुपारी जीपच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. सर प्रत्येक घरात वहीवर आजोबा-पणजोबांपासून रेघा काढायचे. एका म्हाताऱ्याला विचारलं, बायकोशी रक्ताचं नातं आहे का, तर तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, “दुहेरी हाय, घ्या ल्हिऊन. मामाकडनंबी आन् चुलत आत्याकडनंबी.” सरांनी त्या घरात तीन पानं रेघा काढल्या. एका बाईनं छातीठोक सांगितलं, नातंबितं काही नाही. आम्ही उठलो तेव्हा शेजारीण कुंपणावरून ओरडली, “आगं, सख्ख्या मामाची न्हवं का तू?” तेव्हा कळलं, बाईला वाटलं होतं सरकार आता असली लग्नं मोडायला निघालंय. सरांनी तिची समजूत काढली. तिनं आम्हाला ताक दिलं आणि मग कुणाकुणाचं काय नातं आहे ते साऱ्या गल्लीचं सांगितलं.

काही घरांत माणूस गेलेला होता. तिथं सर आधी फोटोसमोर उभे राहायचे, मग विचारायचे. अशा घरी मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. ‘रक्त दिलंत, आता परत का आलात?’ असं एकानंही विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

दोनशे बारापैकी अडुसष्ट जोडपी रक्ताच्या नात्यातली निघाली. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

बाराव्या दिवशी सरांनी ती अडुसष्ट जोडपी बाजूला ठेवून सगळं गणित पुन्हा मांडलं. मी त्यांच्या मागं उभी होते. पडद्यावर आकडे आले, सरांनी ते दोनदा तपासले.

“फरक आहे,” ते म्हणाले.

मला उडी मारावीशी वाटली. “किती?”

“सव्वापट धोका. तेही पक्कं नाही, थोडं इकडं-तिकडं होईल. जास्त माणसं लागतील.”

“एवढंच?”

“एवढंच. तुला काय हवं होतं, दसपट?”

खरं सांगायचं तर हवं होतं. चार वर्षं वणवण केल्यावर माणसाला मोठं काहीतरी सापडावंसं वाटतं. सर माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसले. “खालची ओळ वाच. तंबाखू आणि मिश्री.” मी वाचलं. आमच्या आकड्यांत तो धोका पाचपटीच्या आसपास होता. “रक्त काहीच करत नाही असं आपण लिहिणार होतो, ते खोटं ठरलं असतं,” ते म्हणाले. “रक्त करतं, पण थोडं. लेख आता हे सांगेल.”

मग त्यांनी ढिगातला एक फॉर्म वर काढला. “हा एक राहिला. सदतीस. तुझ्या तोंडी सांगण्यावर मी तो बाजूला धरला, पण कागद दुरुस्त व्हायला हवा. तू भरायचा नाहीस. आईंना घेऊन ये, मी भरतो.”

इतके दिवस मी आईला काही सांगितलं नव्हतं. जगातल्या दोनशे अकरा घरी मी माफी मागितली, आणि स्वतःच्या घरी मूग गिळून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं असताना सांगून टाकलं, “आये, तुझ्या फॉर्मवर मी चुकीचं लिहिलं. अण्णांशी तुझं रक्ताचं नातं नाही असं लिहिलं.”

तिनं भाकरी थापायची थांबवली. मला वाटलं, आता विचारेल की मग मला होणार का आजार? तिनं ते विचारलंच नाही.

“नातं न्हाई?” ती म्हणाली. “माज्या सख्ख्या आत्याचा ल्योक त्यो. मी नऊ वर्सांची हुते तवापासनं सारं गाव मला त्येच्या नावानं चिडवायचं. आन् तू ल्हिलंस नातं न्हाई? कुनी शिकवलं तुला?”

“चुकलं, आये.”

“कुटं हाय त्यो कागद? आदी पुसून टाक त्ये.”

“तुला यावं लागेल. सर लिहिणार आहेत.”

“येते की. भिते व्हय कुनाला?”

भाकरी तव्यावर तशीच टाकून ती उठली आणि ट्रंकेतलं इरकली लुगडं काढलं. अण्णा गेल्यापासून ते बाहेर निघालं नव्हतं.

सरांच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसली. सरांनी नवा फॉर्म घेतला आणि सावकाश विचारत गेले. नववा प्रश्न आला.

“रुग्णाशी रक्ताचं नातं?”

“हाय. मामाची ल्येक मी. सख्ख्या.”

सरांनी लिहिलं.

“वाचून दावा,” आई म्हणाली.

सरांनी वाचून दाखवलं. मामाची मुलगी, सख्खी. आईनं मान हलवली, अंगठा उमटवला आणि उठायला लागली.

“थांबा तानूबाई. नवा फॉर्म म्हटला की तोंड तपासावं लागतं. जरा आ करा.” सरांनी टॉर्च उचलला.

“नातं ल्हिलं न्हवं? झालं माजं काम.”

“एक मिनिट लागेल.”

“नगं.”

सर थांबले. आईचा जबडा आवळलेला होता आणि ती भिंतीकडं बघत होती. मी तिला सत्तावीस वर्षं ओळखत होते. ती हट्टानं अशी बसत नाही, काही लपवायचं असलं की बसते. 

“आये,” मी तिच्या खुर्चीशी उकिडवी बसले, “उघड की.”

तिनं माझ्याकडं बघितलं.  मग तोंड उघडलं.

उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा, एका कडेला लाल. सरांनी बोटानं चाचपलं, मानेखाली दोन्ही बाजूंना हात फिरवला.

“कधीपासून आहे?”

“दिवाळीच्या आदीपासनं.”

“सहा महिने?” मी ओरडलेच. दवाखान्यात कुणी ओरडत नाही, पण मी ओरडले. “सहा महिने तू गप्प बसलीस? मी रोज बायकांची तोंडं तपासत फिरते आणि माझ्याच घरात... माझ्यामुळंच ना? मी म्हटलं तुझं रक्त वेगळं, तुला काही होत नाही, म्हणून तू खुशाल मिश्री लावत राहिलीस ना?”

“तुजं कुटं खरं धरलं म्या?” आई म्हणाली.

मला कळेना.

“तू म्हनलीस रगत येगळं. म्या मनात म्हनलं, ल्येक शिकली, पर हिला घरचंबी ठावं न्हाई. त्येचं आन् माजं रगत काय येगळं हाय? त्येला झालं त्ये मला हुनारच. गालाला हात लावून बसायची ती कशापायी? रोज जिभेनं चाचपायची, आलं का न्हाई. दिवाळीच्या आदी आलं.”

“मग मला सांगायचं तरी!”

“तुला सांगून काय करू? त्येच्या टायमाला तू दोन वर्स धावलीस. रगतातलं कुनाला काडता येतं का? आन् मिश्री का सोडू सांग. सोडली तरी येनार, लावली तरी येनार. तेवढाच जिवाला इरंगुळा हुता.”

मी जमिनीवर बसले. दीड वर्ष मला वाटत होतं, ती माझ्या शब्दावर निर्धास्त आहे. ती निर्धास्त नव्हती. माझ्या समोर बसून, भाकरी थापत, बाजारात मिरच्या विकत, ती रोज मरणाची तयारी करत होती. मला तिचा इतका राग आला आणि तिची इतकी माया आली, की काय बोलावं सुचेना. हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं.

सर काहीतरी सांगायला लागले आणि थांबले. “तू सांग,” ते मला म्हणाले. “तुझे आकडे आहेत.”

आई लिहायला-वाचायला शिकलेली नाही, पण आटपाडीच्या बाजारात वीस वर्षं मिरच्यांचं दुकान लावलंय तिनं. तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का. मी तिचे दोन्ही हात धरले.

“आये, ऐक. रक्ताचा भाग आहे. नाही असं मी म्हणणार नाही. पण किती, ते आम्ही आत्ताच काढलंय. ज्यांच्या रक्तात तो फरक नाही, अशा चार बायकांना जिथं हा आजार व्हायचा, तिथं तो फरक असलेल्या पाच जणींना होतो. कळलं?”

“चाराच्या पाच.”

“हो. आणि मिश्री न लावणाऱ्या बायकांत जिथं एकीला होतो, तिथं लावणाऱ्यांत पाच जणींना.”

“एकाच्या पाच.”

“हो.”

तिनं माझे हात सोडले आणि स्वतःच्या बोटांवर पुन्हा मोजलं. आधी एका हातावर, मग दुसऱ्या. 

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगीच जीव टांगणीला नको. चट्टा सरांनी त्याच आठवड्यात काढला. तपासणीत निघालं, की तो कॅन्सरच्या उंबऱ्यावर आला होता, आत शिरला नव्हता. नोकरी माझी राहिली आणि फॉर्मचा नववा प्रश्न मी नव्यानं लिहिला: आजा कोण, आजी कोण, सासूला काय म्हणता? आई आज सत्तरीला आली आहे. मिश्री तिनं त्या दिवसापासून सोडली. भाजल्या तंबाखूचा वास आला की आजही पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, आणि मग दिवसभर सगळ्यांवर खेकसते.

पण मला आठवतो तो त्या खोलीतला क्षण. आईचं मोजून झालं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“मंजी रगताचा वाटा योक. बाकीचं मिश्रीचं.”

“हो.”

“आन् मिश्री माज्या हातातली.”

“हो, आये.”

 मला वाटलं, आता रडेल. तिचा चेहरा लाल झाला, नाकपुड्या फुगल्या, आणि मी ओळखलं, हे रडणं नव्हे. बाजारात कुणी काट्यात फसवलं की ती अशी दिसते.

“मंजी दीड वरीस म्या उगंच मरायला बसले हुते?” ती म्हणाली. मग माझ्याकडं पाठ करून सरांच्या पुढ्यात खुर्ची ओढली आणि मोठ्ठा आ केला. तोंड तसंच उघडं ठेवून, चट्ट्यावर बोट ठेवून, ती त्यांच्यावर खेकसली. शब्द नीट फुटत नव्हते, पण मला ते समजले, आणि मी सरांना आमच्या भाषेत सांगितले.

“काढा म्हणते, सर. आत्ताच काढा.”